समोरच्यांची बाजू

लिफ्टचं दार मिटता मिटता आतून अब्बांचा आवाज आला. मला वाटलं, अब्बाच आले असतील मला भेटायला आणि भलत्याच मजल्यावर निघाले असतील. मी हात घालून दार अडवलं आणि आत शिरले. आत अब्बा नव्हते. दोन तरुण मुलं होती, एकाच्या हातात फोन होता आणि अब्बा त्या फोनमध्ये होते, तळहाताएवढे. पांढरा कुर्ता, पांढरी टोपी, माईकपासून नेहमीसारखे एक वीत लांब. "सहावा नाही, अकरावा अध्याय," ते म्हणत होते, "शेवटून दुसरी ओळ." आणि मग त्या ओळीचे पहिले दोन-चार शब्द, हलक्या आवाजात, झोपलेल्या माणसाला उठवावं तसे. त्यावर कुणीतरी हशा चिकटवला होता, कुठून तरी तयार आणलेला, आणि हशा संपला की अब्बा पुन्हा पहिल्यापासून, सहावा नाही, अकरावा. "म्हाताऱ्याने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला," फोनवाला म्हणाला. "धोंडा नाही रे, अख्खी शिळा," दुसरा म्हणाला आणि त्याला स्वतःच्या विनोदाचं एवढं कौतुक वाटलं की दाद मागायला त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर माझं नाव होतं, पण नावावरून बाप थोडाच कळतो. मला वर जायचं होतं. लिफ्ट खाली निघाली होती हे मला दार उघडल्यावर कळलं आणि मी तिथेच उतरले.

खाली हॉस्पिटलची लाँड्री. मी इथे इतकी वर्षं कानांच्या विभागात आहे, पण या मजल्यावर कधी आले नव्हते. चादरींनी भरलेल्या गाड्या भिंतीला लागून उभ्या होत्या आणि आतून वाफेच्या इस्त्रीचा फुस्स असा सुस्कारा येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. गरम कापडाचा वास आला आणि माझे पाय जागीच थबकले. अब्बांचा वास हाच. इतर मुलींच्या बापांना तंबाखूचा, घामाचा, फार तर अत्तराचा वास असायचा. आमच्या घरात संध्याकाळी दार उघडलं की नुकत्याच दाबलेल्या कोटाचा वास आत यायचा आणि त्याच्यामागून अब्बा. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात ते इस्त्रीच्या मशीनवर होते. दुकान त्यांचं नव्हतं, मशीनही नव्हतं. पण त्या मशीनने त्यांना बोलायला शिकवलं असं ते म्हणत. वाफ सुटली की स्वतःचा शब्दसुद्धा ऐकू येत नसे. म्हणून वाफ सुटायच्या आधी वाक्य अर्ध्यावर थांबवायचं, वाफ जाऊ द्यायची, मग उरलेलं अर्धं. पुढे सभांमधून लोक त्यांच्या त्या थांबण्यावर फिदा झाले. काय वक्ता आहे, म्हणायचे, शब्द कुठे रोखून धरावा ते याच्याकडून शिकावं. अम्मी हसून बेजार व्हायची. "त्यांना सांगा की, तुम्ही इस्त्री करताय म्हणून."

सुरुवात एका काळ्या कोटापासून झाली. पाद्री होण्याचं शिक्षण घेणारा एक मुलगा कोट न्यायला आला होता, कोट अजून मशीनवर होता, आणि वाट बघता बघता त्याने सहज विचारलं, "तुमचा अल्ला माफ करतो, छान आहे. पण ज्याचं नुकसान झालं त्याला न विचारता माफ करतो का?" भांडायला नाही, वेळ काढायला. अब्बा तेव्हा विशीत होते, पाच वेळची नमाज पढत होते आणि आपल्याला धर्म येतो अशी त्यांची समजूत होती. त्यांना उत्तर आलं नाही. त्या कोटाची कॉलर त्यांनी जाळली, आयुष्यात जाळलेली ती पहिली आणि शेवटची कॉलर. मालकाने काय काय ऐकवलं ते त्यांना कधी आठवलं नाही; प्रश्न मात्र शब्दन् शब्द आठवत होता. दुसरा कुणी असता तर त्या मुलाचा राग धरून बसला असता. अब्बांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आधी त्या मुलाचा ग्रंथ आणला, मग आपल्या ग्रंथाची भाषांतरं, मग भाषांतरांवर भांडणारी पुस्तकं. शिकवणारं कुणी नव्हतं. उभ्याने वाचायचे, मशीन तापेपर्यंत. आणि वाचलेलं बोलून बघायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओळीने टांगलेल्या कोटांसमोर. माझे पहिले श्रोते, ते म्हणत. एकही उठून गेला नाही.

मग बागेत बोलू लागले, कट्ट्यावर, बसच्या थांब्यामागे. हरायचे. घरी येऊन डोळे चमकवत सांगायचे, "आज फार चांगला हरलो." अम्मी म्हणायची, "चांगला हरलो म्हणजे काय? मार तो मार, मऊ हाताने मारला तरी." पण ते खरंच खूश असायचे. हरवणाऱ्याचं बोलणं ते जसंच्या तसं तिला ऐकवायचे, त्याच्या हातवाऱ्यांसकट, आणि ऐकवता ऐकवता त्यांना उत्तर सुचायचं, आणि मग ताट तसंच सोडून त्या माणसाला शोधायला निघायचे. शिकलेल्या मौलवींना हे पटण्यासारखं नव्हतं. ना मदरसा, ना सनद, ना उस्ताद. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालाय, असं एकांनी जुम्म्याच्या नमाजीनंतर सगळ्यांदेखत म्हटलं. अब्बा म्हणाले, "अर्धं का होईना, हळकुंड आहे ना, हजरत? उरलेलं अर्धं तुम्ही द्या." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात शिकायला जाऊन बसले. 'लाँड्रीवाले मौलाना' हे नाव कुणीतरी चिडवायला ठेवलं होतं. ते चिकटलं, आणि चिकटून चिकटून मानाचं झालं.

वर माझ्या खोलीबाहेर एक आजोबा थांबले होते. कानाची तपासणी करायची म्हणजे जाड दाराच्या आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन, हातात बटण. मी काचेच्या या बाजूने बारीक बारीक आवाज सोडते आणि ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. आजोबा आवाज नसतानाच बटण दाबत होते. मी दार उघडून विचारलं, "आजोबा, ऐकू आलं का खरंच?" ते ओशाळले. "आलं नाही," म्हणाले, "पण आता येईल असं वाटलं." मी पुन्हा काचेमागे जाऊन बसले, पण पुढचा आवाज सोडलाच नाही. कारण फोनमधला अब्बांचा चेहरा मला दिसत होता. ती ओळ सांगताना त्यांचा चेहरा सभेतला नव्हता, तो स्वयंपाकघरातला चेहरा होता. आपण सभेत आहोत हे त्यांना कळत तरी होतं का? सकाळी फरशीवाल्यांचा फोन आला तेव्हापासून मी हाच विचार टाळत होते.

अब्बा दर रविवारी ज्या हॉलमध्ये बोलतात तो फरशीवाल्यांचा, त्यांच्या फरशांच्या दुकानावरचा. सभा भरवणाऱ्या कमिटीचे अध्यक्षही तेच. माणूस वाईट नाही, उलट अब्बांवर जीव टाकणारा. अम्मी गेली तेव्हा आमच्यापेक्षा मोठ्याने हेच रडत होते. "बेटी," ते फोनवर म्हणाले, "मी घायकुतीला आलोय. लोक फोन करकरून विचारतायत, मौलाना आपले की त्यांचे? दुपारी तुझ्या अब्बांना घेऊन दुकानात ये. मी रेकॉर्ड करतो. एक वाक्य हवंय फक्त. 'मी मुद्दाम सापळा लावला होता,' असं म्हणू देत. नाहीतर 'माझी तब्येत बरी नव्हती,' म्हणू देत. जे तोंडातून निघेल ते. नाहीतर रविवार दुसऱ्याला द्यावा लागेल मला. कमिटी माझं ऐकत नाहीये." मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि दुसरं वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. तब्येत बरी नव्हती. खरंच नसेल तर? गेल्याच महिन्यात मी फोन केला तर अब्बांनी उचलून "लाँड्री" म्हटलं होतं. दुकान बंद होऊन किती काळ लोटला. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो.

स्वयंपाकघरातला चेहरा म्हणजे शनिवार संध्याकाळचा. रविवारी सभा असली की शनिवारी घरी तालीम. टेबलाच्या एका बाजूला अब्बा, दुसऱ्या बाजूला समोरचे. समोरचे म्हणजे मी. आमच्या घरात विरोधक, शत्रू, ते लोक, असे शब्द नव्हतेच. जो कुणी समोर उभा राहील तो 'समोरचे', आदरार्थी. फ्रॉक घालायचे, खुर्चीवरून पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून मी समोरचे आहे. कधी पाद्री, कधी पंडित, कधी देव न मानणारे प्राध्यापक. त्यांचे ग्रंथ अब्बा माझ्याकडून पाठ करून घ्यायचे. बोलायची पाळी सभेत घंटेपर्यंत, घरी कुकरच्या शिट्टीपर्यंत. शिट्टी झाली की वाक्य अर्धं असलं तरी गप्प बसायचं, आणि अम्मी माझ्या बाजूची असली की गॅस हळूच बारीक करायची. मी अडले की अब्बा सांगायचे. अध्याय, ओळ, पहिले शब्द, त्याच हलक्या आवाजात. मला राग यायचा. "तुम्हीच बोला ना मग दोन्हीकडून!" ते म्हणायचे, "समोरच्यांची बाजू पांगळी ठेवून जिंकलो तर काय जिंकलो? लंगड्याशी शर्यत लावली, एवढंच." कधी कधी मी खरंच असं काही बोलून जायचे की ते कपाळाला बोट लावायचे. "थांब. याचं उत्तर उद्या." आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या कुंपणाच्या गजांतून, मधल्या सुट्टीत, बाकीच्या मुली बघत असताना, घामाघूम झालेले अब्बा मला उत्तर सांगायला आलेले असायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता वाटतं, कुठल्या मुलीच्या प्रश्नाला एवढा मान मिळाला असेल? माझं लग्न झालं, मी दुसऱ्या भागात राहायला गेले, पण शनिवारी संध्याकाळी अजून जाते. नवरा विचारतो, "आज कोण तुम्ही?" मी म्हणते, "आज पाद्री."

गेल्या रविवारी खरे पाद्री होते. अब्बांपेक्षाही म्हातारे, निवृत्त झालेले, अब्बांचे सगळ्यात जुने समोरचे. दया मोठी की न्याय मोठा, असा विषय. हॉल खच्चून भरलेला, दोन्हीकडची माणसं. अब्बांनी आपली बाजू अशी काही बांधली होती की मला शनिवारी तिच्यात एकच फट सापडली होती, आणि पाद्री आपल्या शेवटच्या पाळीत बरोबर तिथेच येत होते. मी बायकांच्या बाजूला बसून मनात म्हणत होते, हं, आता ती ओळ. "सहाव्या अध्यायात," ते म्हणाले आणि थांबले. पुस्तक उघडलं. पानं उलटली. पुन्हा म्हणाले, "सहाव्या..." मागून कुणीतरी खुसखुसलं, आणि मी अब्बांकडे पाहिलं तर त्यांचे ओठ हलायला लागले होते. काय होणार ते मला त्यांच्या आधी कळलं. मी उठूनसुद्धा उभी राहिले. तोवर ते बोलून गेले होते. पाद्रींनी मान वर करून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग जो गदारोळ झाला त्यात सभा गुंडाळावी लागली.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी अब्बांकडे गेले. ते कुर्त्याला इस्त्री करत होते. खोली जिथल्या तिथे. टेबल पुसलेलं, पुस्तकं रचलेली, पण गॅसवरचं भांडं कोरडं होतं आणि काल मी ठेवून गेलेलं जेवण झाकलेलंच होतं. रविवारपासून ते धड जेवत नव्हते, झोपत नव्हते, बोलतही नव्हते. मी म्हटलं, "अब्बा, तब्येत कशी आहे?" "तब्येतीला काय धाड भरलीय?" "जेवला नाहीत." "भूक नव्हती." मी खुर्चीवर बसले, त्याच माझ्या बाजूच्या. मला आडून आडून विचारता आलं नाही. "अब्बा, रविवारी तुम्हाला कळत होतं ना, तुम्ही कुठे आहात ते?" त्यांनी कॉलर उलटी केली, टोकाकडून मध्याकडे इस्त्री नेली, दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मध्याकडे. "विचारतेस," ते म्हणाले, "की तपासतेस?" मी म्हटलं, "दोन्ही." ते किंचित हसले. मग इस्त्रीची पिन काढली, कुर्ता अंगात घातला, बटणं नीट लावली. एकही चुकलं नाही, मी बघत होते. "चल," म्हणाले, "फरशीवाले थांबले असतील."

रस्त्याने ते माझ्या पुढे चालत होते. एरवी अब्बांबरोबर चालणं म्हणजे दर दहा पावलांना थांबणं. कुणी सलाम करतो, कुणी शंका विचारतो, कुणी नुसताच हात हातात घेऊन उभा राहतो. आज लोक बघत होते आणि मग दुकानाच्या पाट्या वाचायला लागत होते. अब्बा सगळ्यांना आपणहून सलाम करत होते, जणू काही झालंच नाही. मला त्यांचा रविवार हवा होता. अम्मी गेली, दुकान गेलं, गुडघे गेले. रविवार तेवढा उरला होता, आणि त्याच्या जोरावर ते सोमवारपासून शनिवारपर्यंत जगत होते. खोटं बोला अब्बा, मी मनात म्हणत होते. एक वाक्य. आजारी होतो म्हणा. मी शपथेवर सांगेन की होतात.

फरशीवाल्यांनी दुकानामागच्या खोलीत फरशांचा एक थर रचून त्यावर फोन उभा करून ठेवला होता. चारी भिंतींना नमुने चिकटवलेले, निळे, करडे, फुलाफुलांचे, आणि बोललेला प्रत्येक शब्द त्यांच्यावर आपटून परत येत होता. त्यांनी अब्बांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, स्वतःच्या रुमालाने खुर्चीचा हातही पुसला. "चाचा, सापळा म्हणा," ते म्हणाले. "मी सांगतो तुम्हाला, लोकांना सापळा आवडतो. 'मी मुद्दाम ती ओळ त्यांच्या तोंडी दिली, पुढे पकडणार होतो, सभा बंद पडली.' संपलं. उद्या हेच लोक डोक्यावर घेऊन नाचतील."

"सापळा म्हटलं," अब्बा म्हणाले, "तर उंदीर कोण?"

फरशीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं, ते राहू दे. तब्येत म्हणा. या वयात कुणाची बरी असते? माझी नाही. त्यात कमीपणा काय? बेटी, तू सांग ना." मी तोंड उघडलं. अब्बा माझ्याकडे बघत होते, शनिवारी बघतात तसे, अडले तर सांगायच्या तयारीने. मी तोंड मिटून घेतलं. "चालू करा," अब्बा म्हणाले. फरशीवाल्यांनी फोनला बोट लावलं.

"रविवारी माझी चूक झाली," अब्बा म्हणाले आणि थांबले, वाफ जाऊ द्यावी तसे. फरशीवाल्यांनी सुस्कारा सोडला. "चूक सवयीची. शनिवारी घरी माझी मुलगी समोरच्यांकडून बोलते. ती अडली की मी सांगतो. रविवारी ते अडले, आणि हा शनिवार नाही हे माझ्या तोंडाला कळलं नाही. मी आजारी नव्हतो. सापळा नव्हता. पण तेव्हापासून मी विचार करतोय, आणि आता पूर्ण शुद्धीत सांगतो. पुन्हा अडले तर पुन्हा सांगेन. फक्त जवळ जाऊन सांगेन, माईक बंद करून. ती ओळ माझ्या बाजूला भोक पाडत असेल तर माझी बाजू मी कच्ची बांधली होती, ओळीचा काय दोष? भोक कसं बुजवायचं ते मला अजून सुचलेलं नाही. सुचलं की येऊन सांगेन. पण एवढं मला पक्कं ठाऊक आहे, समोरचा विसरला म्हणून माझा अल्ला मोठा होत नाही, आणि त्याला आठवलं म्हणून लहान होत नाही." मग ते फोनकडे बघून म्हणाले, "झालं."

मला ओरडावंसं वाटलं, टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, काय गरज होती? हाच माझा बाप, मला वाटलं. याचं डोकं ठिकाणावर नसेल तर जगात कुणाचंच नाही. फरशीवाले डोळे पुसत होते. "चाचा, हे मला लावता येणार नाही." "मग नका लावू." "कमिटी ऐकणार नाही. रविवार..." "हॉल तुमचा आहे, भाई. इतकी वर्षं दिलात, मी कुठे फेडणार?" अब्बांनी उठून त्यांना छातीशी धरलं. फरशीवाले म्हणाले, "तुमच्यासारखा हट्टी माणूस मी पाहिला नाही," आणि सोडायलाच तयार होईनात.

बाहेर आल्यावर मात्र अब्बा दुकानाच्या पायरीवर बसले. इस्त्रीचा कुर्ता, धूळ, काही बघितलं नाही. मी शेजारी बसले. रस्त्यावरून एक ट्रक फरशा घेऊन मागे मागे येत होता आणि कुणीतरी त्याला "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं. "आता रविवारी मी काय करू?" अब्बा म्हणाले. इतक्या साध्या आवाजात, की मला त्यांचा हात धरावा लागला. मी म्हटलं, "वाईट वाटतंय ना? म्हणून जेवत नाही, म्हणून झोपत नाही. मग एक वाक्य बोलायचं होतं."

"वाईट वाटतंय," ते म्हणाले. "पण झोप नाही ती त्याने नाही." मग ट्रककडे बघत म्हणाले, "भरल्या सभेत मी त्या माणसाला सांगितलं, की तुम्ही विसरलात. माईकवरून. मी मान खाली घालून बसलो असतो तर शोधली असती त्यांनी ओळ. आज ना उद्या सापडली असती. सगळे म्हणतात मी त्यांच्या हातात तलवार दिली. कसली तलवार? त्यांची टोपी उडवली मी. तो जो फोनमध्ये हशा आहे ना, तो माझ्यावर नाही, त्यांच्यावर आहे." त्यांना तो हशा माहीत होता. "त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा... तू बघितलंस का?" मी बघितलं होतं. पण मला ते बघणं आश्चर्याचं वाटलं होतं. सबंध आठवडा मी माझ्या बापाच्या अपमानाने जळत होते, त्या म्हाताऱ्याच्या घरी काय चाललं असेल हे एकदाही माझ्या मनाला शिवलं नव्हतं. "त्यांचं घर माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं. "चर्चच्या मागे कुठेतरी," अब्बा म्हणाले. "इतक्या वर्षांत कधी गेलो नाही. भेटायचो ते स्टेजवरच."

दोन जणांना विचारून घर सापडलं. तळमजला, दाराशी कुंड्या, वाळत घातलेला एकच सदरा. अब्बांनी बेल वाजवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय बोलू?" हजार हजार माणसांसमोर ज्यांची जीभ कधी अडखळली नाही, ते अब्बा. मी काही सांगायच्या आत दार उघडलं. पाद्री घरच्या कपड्यांत होते, स्टेजवर दिसायचे त्यापेक्षा पुष्कळच लहानखुरे. अब्बांनी तोंड उघडलं, थांबले, आणि या खेपेला पुढे काहीच आलं नाही. त्यांनी नुसते हात जोडले.

"आत या," पाद्री म्हणाले. "माझ्या सुनेला वाटलं, दूधवाला आला. माझ्याकडे हल्ली दूधवाल्याशिवाय कुणी येत नाही." ते बाजूला झाले. "आमच्या लोकांनी मला सांगितलंय, आता स्टेज पुरे. वय झालं. तुमचे काय म्हणतात?"

"आमच्यांनी आजच सांगितलं," अब्बा म्हणाले.

पाद्री हसायला लागले. आधी खोकल्यासारखं, मग खरंच. अब्बांनाही हसू आलं आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "मला माफ करा," ते म्हणाले. पाद्री म्हणाले, "माफीचं नंतर बघू. आज घाई आहे का काही?" मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ही कोण?"

"माझी मुलगी. शनिवारी तुमच्याकडून बोलते."

पाद्रींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि भिंतीलगतची एक खुर्ची ओढून स्वतःच्या खुर्चीशेजारी ठेवली. मी बसले. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, मांडीवर पुस्तक घेतलं, पण उघडलं नाही.

"त्या दिवशी माझी पाळी चालली होती," ते अब्बांना म्हणाले. "घंटा व्हायची होती अजून."

अब्बांनी खुर्ची सरकवून घेतली, समोर बसले, आणि ऐकू लागले.